मीटरवरचे सात किलोमीटर

माझ्या नातीचं, माहेनूरचं, लग्न झालं त्या वर्षी हे घडलं. सन दोन हजार बावीस. रमजान संपला, ईद झाली आणि ईदनंतरच्या रविवारी तिचा निकाह झाला.

लिहिलेलं सगळं माझ्या डोळ्यांसमोर घडलेलं आहे, नाहीतर ज्यांनी पाहिलं-ऐकलं त्यांच्याच तोंडून कळलेलं आहे. एक शब्दही वाढवलेला नाही.

भुताला रात्र लागते असं पुष्कळ लोक म्हणतात. इथे रात्रीचं काहीच नाही. जे झालं ते भर दुपारी झालं. सोलापूरच्या उन्हात, रस्त्यावर कुत्रंही नसतं अशा वेळी.

दोन वाजून दहा मिनिटांनी.

मी रफीक मिस्त्री. वय अडुसष्ट. विजापूर वेशीजवळ माझं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान आहे, मागे घर. अक्षरं मी साठीला आल्यावर शिकलो. त्याआधी फक्त आकडे वाचता यायचे. त्यामुळे आकड्यांत माझी चूक होत नाही, एवढं लक्षात ठेवा.

जावई वारल्यापासून माझी मुलगी माजिदा दोन मुलांना घेऊन माझ्याकडेच राहते. थोरली माहेनूर. धाकटा गुफरान, बावीस वर्षांचा. जुळे सोलापूरला मोबाईलच्या दुकानात कामाला होता.

त्याने एक जुनी गाडी घेतली होती. दीडशे सीसीची, लहान, स्पोर्ट्स पद्धतीची. बसणारा पुढे वाकून बसतो, मागचा उंच टांगल्यासारखा बसतो, तसली. बहिणीच्या लग्नाआधी ती तयार करायची, असं त्याच्या मनात होतं.

"नाना, हँडल खाली घ्यायचं. मागचा टायर रुंद. सायलेन्सर आखूड."

"आणि अक्कल?"

"ती तुमच्याकडून घेतो की. तुम्हाला कुठे लागते."

असा होता तो. दुकानात यायचा, उभ्या उभ्या बाटली तोंडाला लावायचा. मी ओरडायचो, "खाली बसून पी. तीन घोटांत पी. घोडा आहेस का?" तो हसत खाली बसायचा आणि मला दाखवत मोजून तीन घोट घ्यायचा. एक... दोन... तीन.

रमजान लागला तसं हे पाणी रोजा सोडताना, संध्याकाळी. पण तीन घोट तेच.

गाडी जवळजवळ झाली. हँडल बसलं, टायर बसला. फक्त मीटर फुटलेला होता. नवा यायला महिना लागणार होता. लग्नाला उरले होते वीस दिवस.

मग मी भंगारवाल्या नागप्पाकडे गेलो. त्याच्याकडे तशीच एक गाडी पडली होती. पुढचं सगळं चेपलेलं. मीटरवर मात्र ओरखडाही नव्हता.

आता चूक कुठे झाली ते सांगतो.

माझे उस्ताद मायाप्पा मिस्त्री. त्यांचा एक नियम होता. गाडीवर माणूस मेला असेल तर ती गाडी आधी त्याच्या दारात नेऊन एक रात्र उभी करायची. मगच खोलायची. उस्ताद म्हणायचे, "घरी निघालेला माणूस घरी पोचला पायजे. रस्ता अर्धा राहिला तर तो पार्टाबरोबर हिंडत बसतो."

आम्ही सगळे शागीर्द हा नियम पाळायचो. भंगारातला पार्ट घेताना पहिला प्रश्न हाच विचारायचा. दारात उभी केली होती का?

त्या दिवशी मी विचारलं नाही.

विसरलो असं नाही. जिभेवर आलं होतं. पण नागप्पा नाही म्हणाला असता तर मीटर सोडावा लागला असता. पोराचं तोंड डोळ्यापुढे आलं. मी गप्प बसलो, मीटर पिशवीत घातला आणि आलो.

संध्याकाळी बसवला. किल्ली फिरवली. आकडा उजळला.

१८३५२.

डिजिटल मीटरचं असं असतं, मेलेल्या गाडीचे किलोमीटर त्याच्या आतच राहतात. गुफरान म्हणाला, "चला, माझी गाडी न चालवताच अठरा हजार चालली."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी दुकानाचं शटर अर्धं ओढून आडवा झालो होतो. गाडी आत उभी होती. रंगाचं काम बाकी होतं म्हणून ती अजून बाहेर निघालीच नव्हती.

डोळा लागत होता. तेवढ्यात आवाज आला.

टिक...

टिक... टिक...

पन्नास वर्षं मी हा आवाज ऐकतो आहे. लांबून आलेली गाडी बंद केली की तापलेला सायलेन्सर थंड होताना असा वाजतो.

मी उठलो. सायलेन्सरला हात लावला आणि झटक्यात मागे घेतला. बोटं पोळली.

गाडी सावलीत होती. इंजिन कालपासून बंद होतं.

किल्ली फिरवली.

१८३५९.

सात किलोमीटर.

मला वाटलं, पोराने माझा डोळा चुकवून फेरी मारली. तो रमजानमध्ये दुपारी घरी येऊन झोपायचा. मी मागच्या खोलीत गेलो. गुफरान चटईवर गाढ झोपला होता. हाक मारली. उठेना. हलवलं. उठेना. चांगली पाच मिनिटं गेली, मग त्याने डोळे उघडले.

त्याच्या पापण्यांवर धूळ होती. केस घामाने डोक्याला चिकटले होते, दिवसभर हेल्मेट घातल्यासारखे.

तो ओठांवरून जीभ फिरवत बसला. मग घाबरून माझ्याकडे पाहिलं.

"नाना, माझा रोजा आहे. मी काहीच खाल्लं नाही. अल्लाकसम."

"मग?"

"तोंडात गूळ आहे. गूळ आणि शेंगदाणे. शेंगाच्या पोळीसारखं."

मी त्याला बोललो. लहानपणी बोललो नव्हतो एवढं बोललो. चोरून खातोस आणि वर शपथ घेतोस म्हणालो. तो रडकुंडीला आला होता.

तिसऱ्या दिवशी १८३६६.

चौथ्या दिवशी १८३७३.

रोज सात. सहा नाही, आठ नाही.

पाचव्या दिवशी मी सकाळीच प्लग काढून खिशात घातला. बॅटरी काढून घरात ठेवली. चाकात साखळी घातली. प्लगशिवाय गाडी म्हणजे नुसतं लोखंड. दुपारी नमाज पढून आलो आणि गाडीसमोर स्टूल टाकून बसलो.

दोन वाजले.

दोन वाजून पाच.

रस्त्यावर आवाज नाही. समोरच्या गिरणीचा पट्टाही बंद होता.

दोन वाजून दहा...

मीटर उजळला.

बॅटरी घरात होती. किल्ली माझ्या हातात होती. चाक हललं नाही, इंजिन वाजलं नाही. फक्त आकडा सरकला. एक... थोड्या वेळाने दोन... मग तीन...

मी उठून मागच्या खोलीत पळालो.

गुफरान उताणा झोपला होता. डाव्या हाताची बोटं मिटत होती, उघडत होती. क्लच दाबताना मिटतात तशी. डाव्या पायाचा पंजा खालीवर होत होता. गिअर टाकताना होतो तसा. दारात माजिदा उभी होती. पदर तोंडात धरून.

"अब्बा, हा रोज असा करतो का?"



त्याचा हात थांबला तेव्हा मी दुकानात डोकावलो, सात झाले होते. पण तो लगेच उठला नाही. पंधरा मिनिटांनी उठला. उठल्या उठल्या म्हणाला, "लांब वाटतंय हल्ली परत यायला."

"कुठून?"

"माहीत नाही, नाना."

त्या संध्याकाळी मी मीटर उपटून काढला आणि पत्र्याच्या डब्यात टाकला. दुसऱ्या दिवशी दोन दहाला डब्याच्या फटीतून उजेड दिसला. पोराची झोप काही थांबली नाही.

उलट वाढत गेली. पंधरा मिनिटांची पंचवीस झाली. ईदच्या दिवशी चाळीस. बहिणीच्या लग्नात तो पाहुण्यांना बिर्याणी वाढत होता. हातातलं ताट तसंच घेऊन भिंतीला टेकला आणि झोपला. लोक हसले. रात्रभर जागला असेल म्हणाले. माजिदाने आणि मी एकमेकांकडे पाहिलं. तो उठेपर्यंत तासाला दहा मिनिटं कमी होती.

एक दिवस तो परत येणार नाही, हे आम्हा दोघांनाही कळलं होतं.

लग्न उरकलं तसा मी नागप्पाकडे गेलो. जो प्रश्न आधी विचारायचा तो आता विचारला.

नागप्पा खाली बघत म्हणाला, "न्हाई री उस्ताद. दारात नेलीच न्हाई. मंद्रूपच्या पोराची हाय. वडकबाळचा पूल ओलांडून पुढं गेला आन् संपला. बाप म्हणला, माज्या डोळ्यापुढं आणू नका, तिकडंच विका."

"तिथून घर किती?"

"सात किलोमीटर आसंल."

मी मीटर परत गाडीला बसवला. चेपलेली गाडी नागप्पाने केव्हाच तोडून विकली होती. त्या पोराचं म्हणावं असं एवढंच उरलं होतं. तेरा मे, शुक्रवार. सकाळी सहाला मी ती गाडी घेऊन एकटा निघालो. अडुसष्ट वर्षांचा म्हातारा तसल्या गाडीवर पोटावर ओणवा होऊन चाललेला पाहून हत्तूरच्या चहावाल्याने हात केला. हसायचं भान मला नव्हतं.

माझ्या दारापासून त्यांच्या दारापर्यंत सव्वीस किलोमीटर भरले.

मुलाचा बाप भीमा ओसरीवर बसला होता. आई शिवबाई आत होती. मी इंजिन बंद करायच्या आत ती धावत बाहेर आली.

"आज सकाळीच आलास व्हय रं? रोज दुपारी येतूस की."

मग तिने मला पाहिलं आणि तिथेच खाली बसली.

सगळं समजायला अर्धा तास लागला. त्यांचा मुलगा दिग्विजय नऊ मार्चला गेला होता. सोलापुरातून जेवायला घरी निघाला होता. आईने त्याच्यासाठी शेंगाची पोळी करून ठेवली होती. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापासून रोज दुपारी तिला दारात गाडीचा आवाज यायचा. गाडी थांबायची. सायलेन्सर टिकटिक वाजायचा. ती बाहेरच्या कट्ट्यावर पोळी ठेवायची. संध्याकाळी पोळी अर्धी झालेली असायची.

"कुत्रं खातं म्हणत्यात हे. कुत्रं आर्धी कशाला सोडंल?"

मी गुफरानचं सांगितलं. त्याच्या तोंडातल्या गुळाचं सांगितलं. उस्तादांचा नियम सांगितला. एक रात्र गाडी इथे उभी राहू दे, म्हटलं. तो पोचेल.

शिवबाईने बराच वेळ गाडीच्या मीटरवर हात ठेवला. मग विचारलं, "पोचला म्हंजी उद्यापासनं यायचा न्हाई का?"

"नाही, वहिनी. मग तो येणार नाही."

"उद्या त्याचा वाढदिस हाय, भाऊ."

मी किल्ली काढून तिच्यापुढे धरली.

"एकच दिस. उद्या दुपारची येळ तेवढी. मी त्याला अख्खी पोळी खाऊ घालती. परवा तुमी गाडी आणा, मी सोता दार उघडती. एकच दिस मागती."

भीमा उठून मध्ये आला. "उस्ताद, हिचं ऐकू नगा. तुमचं पोरगं जित्तं हाय. जित्त्याचं बगा."

तो बरोबर बोलत होता.

पण ती बाई माझ्या पायाला हात लावत होती. माझ्याही घरात बिननवऱ्याची लेक आहे, तिचं रडणं मी ऐकलेलं आहे. काल तास झाला होता, उद्या आणखी दहा मिनिटं, एवढाच हिशेब मी मनात केला. परवा सगळं संपेल.

मी गाडी वळवली आणि घरी घेऊन आलो.

दुसऱ्या दिवशी मी गुफरानला कामावर जाऊ दिलं नाही. समोर बसवून ठेवलं. एक वाजता कडक चहा दिला. दोनला डोक्यावर गार पाणी ओतलं.

"नाना, मी काय म्हैस आहे का?" तो हसला. केसांतून पाणी गळत होतं.

"बोलत राहा. काहीही बोल."

"परवा आपण दोघं जाऊ गाडीवर. तुम्ही मागे बसा. टोपी धरून."

"बसतो."

"पाणी द्या, अम्मी."

माजिदाने पेला दिला. तो खाली बसला. एक घोट घेतला. दुसरा घेतला...

पेला हातातून सुटला.

भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. त्याची बोटं मिटली, उघडली. दुकानात मीटर उजळला असणार. मी पाहायला गेलो नाही. त्याचा हात धरून बसलो. थोड्या वेळाने बोटं थांबली.

तास झाला.

सव्वा तास.

चार वाजता माजिदाने त्याच्या छातीवर कान ठेवला आणि तसाच ठेवून राहिली.

डॉक्टर म्हणाले, हृदय झोपेतच बंद पडलं. किती वाजता? ते म्हणाले, दोनच्या सुमाराला. पण तीन वाजेपर्यंत त्याचा हात माझ्या हातात गरम होता.

तिजा, म्हणजे तिसऱ्या दिवसाचा फातेहा, झाल्यावर मी गाडी मंद्रूपला नेली आणि त्यांच्या दारात उभी केली. आता उशीर झाला होता, तरी केली. शिवबाईने माझ्याकडे मान वर करून पाहिलं नाही. भीमाने सांगितलं, वाढदिवसाच्या दुपारी दोघांनी ऐकलं होतं. गाडी आली. पावलं वाजली.

दोन माणसांची.

एक उंबऱ्याच्या आत आला. पोळी अख्खी संपली.

दुसरा दारातच थांबला.

गाडी त्यांच्याकडेच राहिली. मला ती डोळ्यापुढे नको होती, जशी भीमाला नको झाली होती.

जूनमध्ये माझ्या दुकानासमोर दुपारी आवाज येऊ लागला.

टिक... टिक... टिक...

बाहेर काहीच उभं नसायचं. दोन वाजून दहाला यायचा, थोडा वेळ राहायचा, जायचा. मी शटर पूर्ण उघडं ठेवायला लागलो. स्टूल दारात घ्यायला लागलो.

मग भीमाचा फोन आला.

"उस्ताद, ती गाडी घिऊन जावा. मीटर वाढतुया. रोज सव्वीसनं."

सव्वीस म्हणजे काय, ते मला कोणी सांगायला नको होतं.

"आन् आमची आरोही..." आरोही म्हणजे दिग्विजयची धाकटी बहीण, कॉलेजात जाणारी. "दुपारची झोपली की उठंना झालीय. झोपंत बोटं हलवती. उठली की पाणी मागती. आन् खाली बसून पिती, उस्ताद. तीन घोटांत. आमच्यात आसं कुणी पीत न्हाई."

"उद्या येतो," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी गेलो नाही. त्याने पुन्हा फोन केला. मी पुन्हा उद्या म्हणालो.

दुपारी ती टिकटिक यायची ना.

असे चार दिवस मी काढले. पाचव्या दिवशी फोन माजिदाने घेतला. तिने सगळं ऐकून घेतलं, फोन ठेवला आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"अब्बा, टिकटिक मलाही ऐकू येते. रोज दाराआड बसते मी. पण ती कोणाची तरी मुलगी आहे."

ती स्वतः टेम्पो घेऊन गेली. शिवबाईने तिला दारात धरलं आणि दोघी किती तरी वेळ तशाच उभ्या होत्या, असं टेम्पोवाल्याने मला सांगितलं. संध्याकाळी गाडी आमच्या दारात उभी राहिली. रात्रभर राहिली. सकाळी मी किल्ली फिरवली. मीटर काळा होता. परत कधी उजळला नाही.

आरोहीची दुपारची झोप गेली. भीमा अधूनमधून फोन करतो.

टिकटिक बंद झाली.

गाडी अजून दुकानात कोपऱ्यात आहे. मी तिचा एक बोल्टही खोललेला नाही, कोणाला खोलू देणार नाही. माजिदा रोज दोनला दाराच्या आत एक पेला पाणी भरून ठेवते. संध्याकाळी उचलते तेव्हा पाणी कमी असतं. उन्हाने आटतं, असं ती म्हणते. पण एकदा मी पेल्यावर झाकण ठेवून पाहिलं होतं. त्या दिवशीही कमीच होतं.

दिग्विजय भीमा, राहणार मंद्रूप, वय चोवीस, नऊ मार्च दोन हजार बावीसला वडकबाळच्या पुढे वारला. माझा नातू गुफरान, वय बावीस, चौदा मे दोन हजार बावीसला, शनिवारी दुपारी, घरात, माझा हात धरून वारला.